डावीकडची सीट

सेतूकाकांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी पाय झटकायचे. चपला काढून हातात घ्यायच्या, सीटवर आडवं टेकायचं, दोन्ही पाय बाहेर ठेवून झटकायचे आणि मगच आत वळायचं. डोक्याला तेल असेल तर मानेमागे टॉवेल. मुरुक्कू, शेव, वेफर्स, थोडक्यात ज्याचा चुरा होतो ते काहीही आत खायचं नाही. आणि दार आपण लावायचं नाही. ते काका बाहेरून तळहाताने दाबून लावत आणि उतरताना स्वतः फिरून येऊन उघडत. मी कोल्हापूरची. आमच्याकडे जीपमध्ये आधी माणसं कोंबतात, मग पोती, आणि शेवटी लाथ मारून दार बंद करतात. पहिल्यांदा त्या गाडीत बसले आणि सवयीने दार ओढून आपटलं. काका मला एक शब्द बोलले नाहीत. खाली उतरले, फिरून आले, दार उघडलं, अलगद लावलं आणि त्या दारालाच म्हणाले, "होऊं दे. नवीन आहे ती."

लग्न होऊन मी तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आले, त्याला आता तीसेक वर्षं झाली. समोरचं घर सेतूकाकांचं. पूर्ण नाव सेतुराम राव, पण आमच्या गल्लीत राव नाही असा पुरुष शोधावा लागेल, म्हणून नुसते सेतूकाका. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. उंच, सडसडीत, कपाळाला गंध, लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि खांद्यावर कायम एक फडकं. इथल्या मराठीत 'नको'ला 'होणा' म्हणतात, 'पाहिजे'ला 'पजे', 'सगळं'ला 'अस्कं', आणि 'मी केलं' असं कुणी म्हणत नाही, 'मी केलों' म्हणतात. सुरुवातीला मी तोंडाला पदर लावून हसायचे. आता माहेरी गेले की माझ्या वहिन्या मला हसतात. काका मला नावाने कधी हाक मारत नसत. "अगे कोल्हापूर" एवढंच.

गाडी हेराल्ड. चार दारांची, खाली दुधी रंगाची, वर फिकट हिरवी, मद्रासला तयार झालेली. काकांच्या वडिलांनी ती कुंभकोणमच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. त्यामागेही एक गोष्ट होती. काकांच्या आजीला एकदा दवाखान्यात न्यायचं होतं आणि वेळेवर वाहनच मिळालं नाही. म्हातारी ओट्यावर वाट बघत गेली. तेव्हा वडिलांनी ठरवलं की यापुढे या घरातलं माणूस वाहनाची वाट बघत बसणार नाही. काकांना ही गाडी अशी मिळाली होती, त्या बोलण्यासकट. म्हणून ते नेहमी सांगत, "गाडी शोभेला नाही गे. हाक मारली की निघायला पजे."

आणि ती निघायची. मी इतकी वर्षं समोर राहते, ती गाडी दुसऱ्यांदा किल्ली फिरवून सुरू झालेली मला आठवत नाही. दर शुक्रवारी सकाळी स्नान झालं की काका शेडमध्ये जात. हेराल्डचं बॉनेट आपल्या गाड्यांसारखं नुसतं झाकण नसतं. मडगार्डांसकट पुढचा सगळा भाग समोरच्या बाजूला उलटा उघडतो आणि इंजिन, पुढची चाकं, सगळं मोकळं दिसतं. काका चौरंगावर बसल्यासारखे पुढच्या टायरवर बसत आणि कामाला लागत. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन, रेडिएटरमध्ये डोकावून पाणी, पट्ट्याला बोट लावून ताण. हल्ली पेट्रोलमध्ये जे काय मिसळतात त्याने रबरी नळ्या फुगतात, म्हणून नळ्या दाबून बघायच्या आणि सरकारला तमिळमध्ये चार शब्द ऐकवायचे. पुढच्या चाकांच्या सांध्यांपाशी ते सर्वांत जास्त रमत. त्या सांध्यांत ग्रीस भरायचं नसतं, गिअरचं दाट तेल घालायचं असतं. कुठल्याही गॅरेजात दिली की तिथला माणूस हटकून ग्रीस भरणार, म्हणून त्यांनी गाडीला परक्या हाताचा स्पर्श होऊ दिला नाही. "ग्रीस भरलें की वरून छान दिसतें," ते सांगायचे. "आंत सांधा कोरडाच. कळना काय. मग एक दिवस चाक आडवं."

पुसायची फडकी मात्र बाहेरून यायची नाहीत. ती अंबूकाकींच्या साड्यांची. अंबूकाकी म्हणजे अंबुजाबाई, काकांची बायको. माहेर तिरुवैयारूचं, नदीकाठचं. ठेंगणी, गोरी, बोलायला चुरचुरीत. सुती सुंगडी साडी धुऊन धुऊन मऊ झाली की काकांची नजर तिच्यावर पडलीच. "साडी मी नेसलेली असतांच हे बघत बसतात," काकी म्हणायच्या, "आणि मी वेडी, मला वाटतें मला बघतात." काका खाली मान घालून हसत. असं त्यांचं चालायचं. गाडीत काकींची जागा डावीकडची, पुढची. तिथे दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मलाही मागेच बसवत.

तंजावूरहून तिरुवैयारूला जाताना वाटेत पाच नद्या लागतात. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. काकांची सगळी नोकरी या नद्यांच्या पाण्यावर गेली, त्यामुळे ते त्यांना साहेबासारखा मान देत. लग्न करून काकींना याच गाडीतून आणलं तेव्हा नवी नवरी रडत होती. तिला हसवायला त्यांनी प्रत्येक पुलावर हॉर्न वाजवला. तेव्हापासून तो त्यांचा नेमच झाला. पूल आला की काकी नदीचं नाव घेणार आणि काका हॉर्न देणार. मागच्या सीटवर बसून मी हा प्रकार कितीदा ऐकलाय. काकी खिडकीबाहेर बघत अगदी सहज "वेट्टार" म्हणायच्या, आणि पोंऽऽ. मला माझ्या नवऱ्याचा फार राग यायचा तेव्हा. त्याच्या स्कूटरवर बसून मी नदीचं नाव घेतलं असतं तर त्याने विचारलं असतं, पेट्रोल भरायचंय का.

आणि मग ती खंडेनवमी आली.

इथे तिला आयुध पूजा म्हणतात. त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, वाहनं घासूनपुसून पूजेला मांडायची आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. बरेच लोक पूजा झाली की लगेच गाडीची एक चक्कर मारतात, पण काकांच्या घरी वडिलांच्या वेळेपासून कडक शिस्त. त्या दिवशी पहाटेपासून त्यांनी गाडी घासली होती. क्रोमच्या पट्ट्यांत तोंड दिसत होतं. बॉनेटवर चंदनाची बोटं आणि त्यांवर कुंकू, दोन्हीकडे केळीचे खुंट, शेवंतीची माळ, चाकांखाली लिंबं. किल्ली देवापुढे चांदीच्या ताटात. संध्याकाळी त्यांच्याकडचा कोलू, म्हणजे नवरात्रातल्या पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला आम्ही बायका जमलो होतो. काकी सगळ्यांना सुंडल, म्हणजे प्रसादाची कोरडी उसळ, वाटत होत्या. वाटता वाटता त्या भिंतीला टेकल्या आणि खाली बसल्या. हात छातीवर, तोंड घामाने डबडबलेलं.

मी ओरडले, "काका, गाडी काढा!"

काका देवघरात धावले. मला वाटलं, आता किल्ली घेऊन येतील. ते आलेच नाहीत, म्हणून मी वळून बघितलं. ते देवापुढे उभे होते. हात पुढे केलेला, ताटापासून वीतभर अंतरावर. तसाच थांबलेला.

"पूजेंत आहे," ते म्हणाले. मग एकदम भानावर आल्यासारखे वळले. "मी ऑटो आणतों." आणि अनवाणी रस्त्यावर पळत सुटले.

काकी ज्या भिंतीला टेकल्या होत्या तिथून देवघर अगदी समोर दिसतं.

ऑटो मिळाली. सणाच्या गर्दीतून वाट काढत पोचलो. हृदयाचाच झटका होता, पण सौम्य. थोड्या दिवसांत काकी हिंडूफिरू लागल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गाडीने आला असतात तरी यापेक्षा वेगळं काही झालं नसतं. हे वाक्य काका मला पुन्हा पुन्हा ऐकवायचे. जिला ऐकवायचं होतं तिच्यापुढे मात्र त्यांची जीभ कधी उचलली नाही.

घरी सोडायच्या दिवशी काका गाडी घेऊन दवाखान्याच्या पोर्चमध्ये हजर. चंदन धुतलेलं, काच लखलखीत, डावीकडचं दार उघडून धरलेलं. काकी माझ्या हाताला धरून सावकाश पायऱ्या उतरल्या. गाडीपाशी थांबल्या. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"पूजा झाली की?" त्यांनी विचारलं. आवाज चढवून नव्हे, अगदी चौकशी करावी तसं.

"झाली," काका म्हणाले.

"सरि, बरं," काकी म्हणाल्या, आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ऑटोवाल्याला त्यांनी हात केला.

त्यानंतर कित्येक वर्षं त्या गाडीत अंबूकाकी बसल्या नाहीत. कुणाला वाटेल, घरात अबोला झाला असेल. छे. कॉफी वेळेवर मिळायची, डबरा आणि पेला, म्हणजे इथली कॉफीची वाटी आणि पेला, गरम करून. अंबट भातावर, म्हणजे सांबारभातावर, तूप वाढताना हात आखडला नाही. थट्टाही चालायची. साड्यासुद्धा फडक्यांना मिळत राहिल्या. फक्त गाडी नाही. मी एकदा धीर करून विषय काढला, तर म्हणाल्या, "ह्यांचं माझं काय भांडण नाही गे. गाडीचं नि माझं आहे. तिला मी होणा, मला ती होणा. संपलें."

काकांना ते संपलेलं नव्हतं. आधी गाडी सांभाळायचे ती घरासाठी, आता एकाच माणसासाठी सांभाळू लागले. डावीकडच्या सीटचं कव्हर नवीन शिवून घेतलं. खिडकीची काच जड फिरते अशी काकींची जुनी तक्रार होती. ते यंत्र उघडून, साफ करून असं करून ठेवलं की करंगळीने काच खाली यावी. दर शुक्रवारी सगळं तेलपाणी झालं की गाडी शेडबाहेर काढून घराच्या पायरीशी आणायचे, इंजिन चालू ठेवायचे, डावीकडचं दार उघडायचे आणि शेजारी उभे राहायचे. काकी आतून यायच्या, दारातली कोलमची रांगोळी मोडू नये म्हणून साडी जरा उचलून धरायच्या आणि गाडीला वळसा घालून चालत देवळात जायच्या. "जाऊन येतें," एवढं मात्र सांगून जायच्या. काका दार तळहाताने दाबून लावत. मग एकटेच तळ्याला एक फेरी मारून परत. सगळी गल्ली हे बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. मला मात्र दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

तिरुवैयारूला काकींचे भाऊ. तिकडे त्या आता टाउन बसने जायच्या. काकांनी काय करावं? रिकामी गाडी घेऊन बसच्या मागे निघायचे. एकदा मी काकींबरोबर होते. बस वडवारच्या पुलावर चढली आणि मागून पोंऽऽ. वेण्णारला पोंऽऽ. वेट्टारला कंडक्टर वैतागला. मागच्या काचेतून बघून तो काकींना म्हणाला, पाटी, म्हणजे आजी, कोण हा म्हातारा, आम्ही वाट देतोय तर पुढेही जात नाही. काकी समोर बघत होत्या. "आमच्या गल्लींतले आहेत," त्या म्हणाल्या. कुडमुरुट्टीच्या पुलावर मला त्यांचे ओठ हललेले दिसले. नदीचं नाव त्या घेत होत्या. घेत होत्या आणि मागे वळून बघत नव्हत्या. पुलावर बसचा आवाज मोठा, तिकडे हॉर्न वाजलेला. मी खिडकीबाहेर बघितलं.

कोइंबतूरहून एक हौशी गृहस्थ आले होते, जुन्या गाड्या जमवणारे. हेराल्डभोवती प्रदक्षिणा घातली, खाली वाकून बघितलं, टायरवर काकांशेजारी बसून इंजिन ऐकलं. म्हणाले, विकायची असेल तर सांगा, इतकी चांगली राखलेली मी बघितली नाही. काका म्हणाले, "आज नाही. एक सवारी बसायची आहे अजून." काकी आत कॉफी गाळत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी पाहुण्याला साखर जास्त घातली एवढंच मला कळलं, कारण त्याने तोंड वेडंवाकडं केलं.

एका दुपारी ओट्यावर काका आणि मीच होतो. मी शेंगा सोलत होते. कसं कुणास ठाऊक, ते आपणहून बोलले. "त्या दिवशी हात उठलाच नाही गे. देव कोपेल म्हणून नाही. देवाचं काय, तो समजून घेतो." बराच वेळ फडक्याची घडी घातली, मोडली. "पहांटेपासून घासलेलों. एवढं चंदन लावलेलों. एक क्षण वाटलें, आतां बाहेर काढली तर अस्कं पुसलें जाईल. एकच क्षण. तेवढ्यांत ती माझ्याकडे बघितली."

मी म्हटलं, काका, हे काकींना सांगा.

"सांगूं? आतां तिला वाटतें, मी देवाला भ्यालों. तेवढं तरी राहूं दे."

पुढे काका वारल्यावर कधीतरी काकींनीच मला सांगितलं. "देवाला भिणारा माणूस तो नव्हे गे. चंदन पुसलें जाईल म्हणून थांबला. मला तेव्हांच कळलें." म्हणजे इतकी वर्षं एक जण जे लपवत होता ते दुसरीला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं, आणि तो कधी आपल्या तोंडाने सांगतो याची ती वाट बघत होती. सांगितलं असतं तर? तर बहुतेक दोन कडक शब्द बोलून त्या गाडीत बसल्या असत्या. मला अजून या गोष्टीची हळहळ वाटते. गाडीतला जरासा वेगळा आवाज ज्या माणसाला गल्लीच्या टोकावरून ऐकू यायचा, त्याला घरातलं हे ऐकू आलं नाही.

पण ते पुढचं. त्याआधी काकांचे डोळे गेले. काचबिंदू. एकदम नव्हे, कडेकडेने अंधार आत आला. एका दिवशी तिरुवैयारूहून बसच्या मागे येताना वेण्णारच्या पुलाचा डावा कठडा त्यांना दिसलाच नाही. डावं मडगार्ड घासलं गेलं, रंग निघाला, पत्रा दबला. घरी आले, गाडी शेडमध्ये लावली, ओरखड्यावरून बोटं फिरवली आणि किल्ली आत आणून खुंटीवर अडकवली. कुणी सांगायच्या आत स्वतःच थांबले. तो पोचा त्यांनी काढला नाही. त्या गाडीवर राहू दिलेली ती पहिलीच खूण.

शुक्रवार मात्र चुकला नाही. आता सगळं बोटांनी. तेलाची पट्टी काढून दोन बोटांत चोळायचे आणि वासावरून सांगायचे, बदलायला आलें. सांध्यांना तेल, नळ्यांना चिमटा, सगळं चाचपून. मग बॉनेट खाली घेऊन स्टिअरिंगशी बसायचे आणि इंजिन सुरू करायचे. शेड समोरून उघडी, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी, काका समोर बघताहेत. थोड्या वेळाने हॉर्न. पुन्हा थोड्या वेळाने हॉर्न. पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग मोजले आणि हातातली पळी खाली ठेवली. पाच.

ते तिरुवैयारूला जात होते.

काकांना मी शेवटचं नीट पाहिलं ते असं एका शुक्रवारी. पुढे थोड्याच दिवसांत ते अंथरुणाला खिळले आणि मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षात, गेले. त्या सकाळी गाडी नेहमीसारखी पहिल्या हाकेला सुरू झाली. वडवार वाजली, वेण्णार वाजली, वेट्टार वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. इंजिन चालूच. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले, मान जराशी कलती. आणि मग एक लांब हॉर्न, कावेरीला द्यायचे तसा.

समोरच्या घरातून अंबूकाकी बाहेर आल्या. हाताला पीठ, पदर खोचलेला.

"कुडमुरुट्टी राहिली," त्या शेडच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या.

काका आवाजाच्या दिशेने वळले. काकींनी पदराला हात पुसले. त्या आत गेल्या असं मला वाटलं, पण त्या परत आल्या तेव्हा हातात तिरुवैयारूला जाताना नेतात ती पिशवी होती. गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या. मडगार्डाच्या पोच्यावर जराशा थबकल्या. मग स्वतःच दार उघडलं, चपला काढून हातात घेतल्या, सीटवर आडव्या टेकल्या, दोन्ही पाय बाहेर ठेवून झटकले आणि आत वळल्या. दार मात्र उघडंच ठेवलं.

काका खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवून चाचपत चाचपत पुढून फिरून आले. दाराची कड सापडली. तळहाताने दाबून दार लावलं. टक्. तसेच चाचपत परत गेले आणि बसले.

"पहिल्यापासून जाऊं की?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच जायला पजे," काकी म्हणाल्या. पिशवी मांडीवर घेतली आणि करंगळीने काच खाली केली. "सावकाश चला. वडवार येते."

पोंऽऽ.

माझी फोडणी जळली त्या दिवशी. गाडी तसूभरही हलली नव्हती, आणि ती कुठेही जाऊ शकली असती. टाकीत पेट्रोल होतं, सांध्यांत तेल होतं, चाकांत हवा होती. जाणारी दोघंही बसलेली होती. फक्त आता चालवणाऱ्याला रस्ता दिसत नव्हता. मी खिडकीत उभी राहून पाचही पूल ऐकले. कावेरी झाल्यावर इंजिन बंद झालं.

"पोंचलों?" काकांनी विचारलं.

"पोंचलों."

काका पुन्हा उतरले. एक हात बॉनेटवर, दुसरा पुढे धरलेला, पाऊल पाऊल टाकत फिरून डावीकडे निघाले, तिला दार उघडून द्यायला. वेळ लागत होता. काकी चपला हातात धरून आत बसून राहिल्या. दाराची मूठ त्यांच्या अगदी हाताशी होती, पण त्यांनी तिला हात लावला नाही.